तसबिरीतली जिवंत माणसं

माझ्या चित्रानं बाजारात उतरल्यावर पहिल्याच पंधरवड्यात एक माणूस मारला. माणूस अजून हिंडता-फिरता आहे, दोन्ही वेळेला भाकरी कुस्करून खातो, आणि माझ्या नावानं शिव्या द्यायला लागला की त्याचा आवाज आमच्या तेर गावातून निघून तेरणा नदी ओलांडतो आणि पलीकडच्या शिवारातल्या बैलांना बुजवतो. पण मारला तो मारलाच. त्याच्यासाठी दोन जीपा भरून माणसं रडत आली, हे खोटं नाही. मी सांगतो त्यातलं निम्मं सोडून द्या, पण त्या दोन जीपा सोडू नका.

मी चित्रकलेचा मास्तर. चौदा वर्षं विनाअनुदानित शाळेवर काढली. विनाअनुदानित म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही, त्यानं मागच्या जन्मी काहीतरी पुण्य केलेलं आहे. अशा ठिकाणी शाळा असते, पोरं असतात, हजेरीपट असतो, झेंडावंदन असतं, पगार तेवढा नसतो. तो येणार असतो. चौदा वर्षं तो येतच होता. ह्या काळात मी फळ्यावर इतके मोर, इतके आंबे आणि डोंगराआडून इतके सूर्य काढले, की ते सगळे एकदम खरे झाले असते तर जिल्ह्यात आंबा फुकट वाटावा लागला असता, मोरांनी रानात तुरीची शेंग ठेवली नसती, आणि सूर्यांमुळं लोकांना झोपायला सोलापूरला जावं लागलं असतं.

मग एका जूनमध्ये संस्थेनं सांगितलं की चित्रकलेची जागा आता राहिलेली नाही. मी बरं म्हणालो. चहा आला होता, तो प्यालो. रंगपेटी पिशवीत घातली आणि फाट्यावर आलो. बसला उशीर होता. घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या. एवढंच. मी वाऱ्यावर वरात काढणारा माणूस, पण ह्या जागी मला आजवर काही वाढवून सांगता आलेलं नाही.

त्यानंतर मी घराच्या ओसरीत भिंतीला टेकून बसायला लागलो. दुःख म्हणावं तर तसं काही नव्हतं. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि गाल दुसऱ्याचा झाल्यासारखा होतो, तसं सगळं अंगच दुसऱ्याचं झालं होतं. त्या अंगाला भूक लागायची, ते जेवायचं. कुणी आलं की ते जोक सांगायचं. जोक चांगले असायचे, लोक हसायचे. मी बाजूला बसून बघायचो.

बायको ब्लाउज शिवते. मशीन चालवता चालवता ती तीन महिने काही बोलली नाही, आणि बोलली तेव्हा मशीन थांबवून बोलली. म्हणजे प्रकरण गंभीर.

"अहो, तुमच्या पाठीचा भिंतीला डाग पडलाय."

"पुसून घेतो."

"डाग ऱ्हाऊ द्या. भाऊचा फोन आलता. दिवाळीच्या पाडव्यापासनं दुकानावर बसा म्हणतोय."

तिचा भाऊ लोहाऱ्यात सिमेंट, पत्रे, सळया विकतो. माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या दुकानात एक खुर्ची आहे. ती खुर्ची सिमेंटच्या पोत्यांकडं तोंड करून ठेवलेली असते आणि तिच्यावर बसणाऱ्यानं दिवसभर पोती मोजायची असतात. आधी तिथं बायकोचे एक चुलते बसायचे. बसून बसून ते इतके करडे झाले की एकदा एका गिऱ्हाइकानं त्यांनाच उचलून टेंपोत टाकलं, असं म्हणतात.

मी म्हणालो, "चित्रं विकून बघू का?"

का म्हणालो ते माहीत नाही. तोंडातून गेलं. पण मेव्हण्याची खुर्ची डोळ्यापुढं आली तेव्हा भिंतीपासून पाठ सुटली खरी, आणि कित्येक महिन्यांत ह्या अंगानं आपणहून केलेली ती एकच गोष्ट होती.

बायकोनं सुईत दोरा ओवला. "दिवाळीपर्यंत एक विका. एकच. सोयऱ्याधायऱ्याला नको, आमच्याकडनं नको, तुमच्याकडनं नको. ज्याला आपली भीड न्हाय अशा माणसाला खिशात हात घालून पैसे दिऊ द्या. न्हाय विकलं तर पाडव्याला सकाळच्या गाडीनं लोहारा."

ठरलं.

आता आमच्याकडं चित्रकाराला मान फार. त्याला चहा देतात, खुर्ची देतात, लेकीच्या लग्नात रुखवतावर नाव टाकायला बोलावतात आणि जेवल्याशिवाय सोडत नाहीत. पैसे मात्र देत नाहीत. पैसे द्यायचे म्हणजे त्याचा अपमान, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलेलं आहे.

मोर काढायला मन घेईना. म्हणून मी माणसं काढली. ओसरीसमोरून जाणारी, थांबणारी. एसटी स्टँडवर फुटाणे विकणाऱ्या मावशी, आमचा न्हावी, धाराशिवच्या गाडीचा कंडक्टर, बायको (तिनं मशीनवरून मान वर न करता पोज दिली), आणि समोरच्या घरातले आबा. आबा गावातले सगळ्यात म्हातारे. त्यांचं वय कुणालाच माहीत नाही. ते निजामाच्या रुपयाचा वास कसा होता ते सांगतात. ते चार सकाळी माझ्यासमोर फेटा बांधून बसले आणि चारही सकाळी मी कसा चुकीचा बसलोय ते मला सांगत राहिले. सहावं चित्र गवळ्याच्या म्हशीचं. ती एकटीच न हलता बसली.

ही सहा चित्रं घेऊन मी धाराशिवला फ्रेमवाल्याकडं गेलो. तसबिरींचं जुनं दुकान. भिंतीवर देव, देवांच्या शेजारी कुणाकुणाचे वडील. कागदावरचे जलरंग असल्यामुळं काच लागणारच होती. त्यानं एकेक चित्र उलगडलं आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला.

"एकदम सहा?"

"व्हय. महिन्याभरात सहा."

"एकाच गावातली?"

"एकाच गल्लीतली म्हणा की."

"अरारारा." त्यानं बायकोच्या चित्रावरून रुमालानं हलकेच धूळ पुसली. "ह्या आपल्या कोण?"

"मंडळी."

त्यानं डोळे मिटून घेतले. मग म्हणाला, "देवाची मर्जी, मास्तर."

"देवाची कसली? सगळा माझ्याच हातचा खेळ."

तो दोन पावलं मागं सरला. मग शेवटचं चित्र त्यानं उलगडलं. "म्हैसबी?"

"म्हैसबी. आधी तीच करायची व्हती."

त्यानं मजुरीत घासाघीस केली नाही, चहा सांगितला नाही, आणि परवा न्या म्हणाला. मला वाटलं, माणूस कलेपुढं नम्र झाला. परवा गेलो तर सहाही फ्रेमा तयार. काळी पट्टी, आत सोनेरी कड, स्वच्छ काच. प्रत्येक फ्रेमच्या वरच्या दोन कोपऱ्यांना दोन बारके पितळी खिळे. हार अडकवायचे. म्हशीच्या फ्रेमलाही.

तुम्ही म्हणाल, खिळे दिसले नाहीत? दिसले. डोळ्यांना दिसले. पण त्या दिवसांत डोळ्यांना दिसलेलं आतपर्यंत पोचत नव्हतं, मधेच कुठंतरी उतरायचं. आमच्याकडं कुणाच्याही घरात जा, भिंतीवर फ्रेम करून लावलेला एकट्या माणसाचा चेहरा म्हणजे काय, हे शेंबड्या पोराला कळतं. जिवंत माणसाचा फोटो मोबाईलमध्ये असतो, लग्नाच्या अल्बममध्ये असतो, निवडणुकीच्या फ्लेक्सवर असतो. काचेत जायचं म्हणजे एकदाच. आणि मी, ह्याच मातीत वाढलेला, पाच जिवंत माणसं आणि एक दुभती म्हैस काचेत घालून, वर हाराची सोय करून, बाजारात निघालो होतो.

जागा मिळाली तामलवाडीला. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर एक ढाबा आहे. शाळेच्या सहली घेऊन जायचो तेव्हा तिथं पोरांना जेवायला थांबवायचो, म्हणून मालकाची ओळख. मालक आडवा माणूस. इतका आडवा, की गल्ल्यामागून उठायचा असला तर गल्ला आधी उचलून बाजूला ठेवावा लागतो. तो म्हणाला, "लावा की मास्तर. भिंत मोकळीच हाय. नवरात्र आलंय, मग कोजागरीला सोलापूरकडनं चालत जाणारी माणसं. मुंग्यावाणी गर्दी असती. एकतरी घेतंय की कुणीतरी."

मी सहाही चित्रं ओळीनं लावली. खाली चिठ्ठ्या चिकटवल्या: दीड हजार. चित्र विकायला किती सांगायचे असतात हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. रात्रभर विचार करून एवढा आकडा काढला आणि तो असा चोरून लिहिला, जणू मी खंडणीची चिठ्ठी लिहीत होतो. मग तेरला परत आलो आणि वाट बघायला लागलो. भिंतीला टेकून. सवयच होती.

चौथ्या दिवशी मालकाचा फोन.

"मास्तर, गिऱ्हाईक हाय."

"कशाला?"

"म्हशीला."

मी उठून उभा राहिलो. बायकोनं मशीन थांबवलं.

"दीड हजारात देनार का म्हणून इचारायलेत. सकाळधरनं सहावं गिऱ्हाईक हाय. एकजण टेंपोच घिऊन आलाय, दोर घिऊन. मी म्हणलं चित्राची किंमत हाय, तर म्हणतोय चित्र ऱ्हाऊ द्या तुमाला, म्हैस कुठं बांधलीय ते सांगा. किती लिटर देती वो?"

मी बसलो. बायकोनं मशीन चालू केलं.

आठवड्यानं दुसरा फोन. ह्या वेळी मालकाच्या आवाजात रस नव्हता.

"मास्तर, माझा धंदा बसायलाय."

"का हो?"

"माणसं आत येत्यात, भिंतीकडं बघत्यात, चपला काढत्यात. ढाब्यात चपला! परवा एक आजी फुटाणेवाल्या बाईम्होरं हात जोडून उभी ऱ्हायली ती जेवायचंच इसरली. गिऱ्हाईक डाळ खाता खाता डोळे पुसायलंय. मला इचारत्यात, मालक, सगळी एकदमच गेली का, जीप उलटली का? मी न्हाय म्हणलं की मलाच धीर देत्यात. काल एकानं बिलाच्या वर शंभर रुपय ठिवलं, म्हणला दुखवट्याच्या घरात सुटं मागू नये."

"मग मी येऊन काढून नेऊ?"

"कोजागरी हूं द्या, एवढ्या गर्दीत तसबिरी उतरवत कुठं बसता. पण चिठ्ठ्या मी काढल्यात. मेलेल्या माणसाखाली किंमत बरी दिसंना."

झालं. किंमतच काढली म्हटल्यावर विकणार काय? दिवाळी अठरा दिवसांवर. त्या रात्री बायकोनं माझ्या दोन पँटी उसवून कंबरेत ढिल्या केल्या. खुर्चीत बसायच्या पँटी. मी ते बघितलं, आणि अंगाला काही झालं नाही. फक्त लक्षात राहिलं.

कोजागरीला तुळजापूरहून परतणाऱ्या कुणा बाईच्या हातात देवीला घातलेला झेंडूचा हार उरला होता. ढाब्यात चहाला टेकली. समोर फेटा बांधलेला म्हातारा, वर दोन रिकामे खिळे. तिला बघवेना. तिनं आबांना हार घातला.

आणि दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर टेंपो चालवणारा एक माणूस जेवायला बसला. तो होता आबांच्या धाकट्या लेकीचा दीर.

पुढचं मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. सकाळी दहाचा सुमार. आबा त्यांच्या ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेले. त्यांचा मुलगा रानात, तिथं मोबाईलला रेंज नाही. त्यामुळं लेकीचे फोन लागलेच नाहीत, आणि फोन लागत नाहीत म्हणजे घरात रडारड चाललीय, अशी तिची खात्री झालेली. वेशीजवळ दोन जीपा थांबल्या. आमच्याकडं बायका गावात शिरल्या की वेशीपासूनच हेल काढून रडत येतात. तो आवाज असा आला की झाडावरची वानरं खाली उतरून रांगेत उभी राहिली.

आबांनी कान टवकारले. शेंगा बाजूला केल्या. "कोण गेलं रं?" मला विचारलं.

"काय की, आबा."

"चल की मग. बसून काय ऱ्हातूस?" त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला, काठी घेतली, आणि त्या रडणाऱ्या बायकांच्या दिशेनं निघाले. गर्दीत शिरले. धाकट्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नको रडू बाई. कोण गेलं आपलं?"

लेकीनं वर बघितलं.

तिनं जी किंकाळी फोडली ती ऐकून, तेरच्या मातीत दोन हजार वर्षं गाडलेली खापरं एकेक वीत वर आली, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं तर ती नुसती मटकन खाली बसली आणि बापाचे पाय दोन्ही हातांनी चाचपत राहिली. चपलेसकट. बराच वेळ.

मग सगळे एकदम बोलले. टेंपोवाल्या दिराला पुढं ओढण्यात आलं. त्यानं शपथ घेतली, हार बघितला, ताजा हार, काचेतला फोटो बघितला, ढाबेवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, तेरचे आहेत, मास्तरनं लावलेत. सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. न्हावी तिथंच होता. तो म्हणाला, "थांबा थांबा. मास्तरनं माझंबी काढलंय. मी कवा गेलो मग?" फुटाणेवाल्या मावशींनी तर चप्पलच हातात घेतली. "माझ्या जिवावर उठलास व्हय रं मुडद्या!" आबांचा मुलगा तेवढ्यात रानातून धावत आला. त्याच्या हातात विळा होता, तो कडबा कापायचाच होता, पण मी तो विळा पुढं सहा महिने स्वप्नात बघितला.

"माणसं मारायचं कंत्राट घेतलं का मास्तर?" तो ओरडला.

"अरं ये," आबा म्हणाले. "रडत आलेली माणसं हायती, आधी घरात घे. शिरा कर म्हणावं. मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतंय. माझं वाढलंय. तोंड गोड केल्याबिगर एकाला जाऊ द्यायचं न्हाय."

शिरा झाला. आबा पंगतीत मधोमध बसले आणि कोण रडत आलं, कोण गप आलं, कोण आलंच नाही, ह्याची त्यांनी जेवता जेवता मोठ्यानं उजळणी केली. थोरला जावई आला नव्हता. त्याचा शिरा आबांनी कुत्र्याला घालायला लावला. मग हात धुऊन मला म्हणाले, "तो फोटू आण. मला बघायचाय."

दुसऱ्या दिवशी मी तामलवाडीला जाऊन सगळी चित्रं उतरवली. मालकानं मदत केली, चहाही पाजला. पुन्हा या म्हणाला नाही. बारा दिवसांवर दिवाळी होती, आणि मी सहा न विकलेल्या तसबिरी चादरीत गुंडाळून एसटीच्या मागच्या सीटवर बसून परत येत होतो. वाटेत विचार केला, आता तरी काहीतरी वाटायला हवं. लाज, राग, काहीही. खिडकीतून सोयाबीनची मोकळी रानं जात होती. मी ती बघत आलो.

आबांनी तसबीर मांडीवर घेतली. वाळलेला हार काढून ठेवला. चष्मा पुसला. मुलगा, सून, नातवंडं मागं उभी. आबा इतका वेळ बघत राहिले की सून दोनदा आत जाऊन आली.

"हे नाक माझ्या बापाचं हाय," ते म्हणाले.

मी वाकून नाक बघितलं.

"मी मेल्यावर हेनी काय लावलं असतं, माहीत हाय का? आधार कार्डावरला फोटू मोठा करून. त्यात मी कोंबडी चोरल्यावाणी दिसतो." मागून सून हसली. "हे बरं हाय. हेच्यात मी तुला शिव्या द्यायच्या बेतात हाय. किती?"

"काय किती?"

"अरं, किंमत. फुकट नगं मला. मेल्याव लोक म्हणतील, मास्तरनं दया केली."

मी म्हणालो, "तुमच्याकडनं कसे घेऊ, आबा?"

"तोंडानं सांगू नगंस. सगळी ऐकायलीत." त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, माझा उजवा हात ओढला आणि दोघांच्या हातांवर टॉवेल टाकला.

बैलबाजारात असा सौदा होतो. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं दाबून भाव सांगतात. बाहेरच्याला कळत नाही. आबांनी आयुष्यभर बैल घेतले-विकले. मी जन्मात एक शेळीही विकली नव्हती. टॉवेलाखाली त्यांनी माझी काही बोटं धरली आणि डोळे बारीक करून म्हणाले, "हे?"

मला कळेना शेकडा की हजार की नुसतीच बोटं. काहीतरी करायला पाहिजे म्हणून मी त्यांचं मनगट धरलं.

आबा दचकले. "मनगट? आजवर खिलारी जोडीलाबी कुणी मनगट धरलं न्हाय. मनगट म्हंजी किती रं?"

"चुकलं, आबा."

"चुकलं तर सोड." मी सोडलं. त्यांनी माझं एकेक बोट पुन्हा धरलं, सावकाश, पोराला पाढे शिकवावेत तसं. त्यांचा हात खरबरीत होता आणि गरम होता. नखं जाड. त्यांनी दाबलं तेव्हा दुखलं. करंगळीपाशी चांगलंच दुखलं. मी हात काढून घेतला नाही. कितीतरी दिवसांनी काहीतरी माझ्याच हाताला होत होतं, म्हणून मी तसाच बसून राहिलो. सौदा कधीच झाला होता, तरी.

"शाळा गेली तवा रडलास का रं?" टॉवेलाखाली हात तसाच ठेवून त्यांनी हळू विचारलं.

"नाही."

"मग काय केलंस?"

"चहा प्यालो."

ते "हं" म्हणाले. टॉवेल काढला, मुलाला म्हणाले, "पेटीतनं आण." आणि मला म्हणाले, "ते दोन खिळे काढून टाक. हार घालणारानं आपलं खिळं घिऊन यावं."

मी पक्कड आणून खिळे उपटले. तसबीर त्यांनी देवघराशेजारी लावली नाही, समोरच्या भिंतीवरही नाही. आतल्या दारामागं लावली. दार उघडं असलं की झाकली जाते. "मी हाय तवर मलाच बघू द्या," म्हणाले.

घरी आलो. बायको मशीनवर होती. मी पैसे मशीनच्या फळीवर ठेवले. तिनं मोजले नाहीत. "किती सांगितले होते?" असंही विचारलं नाही. रुमालाखालचा सौदा सांगायचा नसतो, हे तिला माझ्याआधी माहीत होतं.

"आबा सोयऱ्यातले न्हायत," ती म्हणाली.

"न्हायत."

"भीडबी न्हाय त्यांना."

"कुणाचीच न्हाय."

"मग भाऊला फोन तुमीच करा. मी न्हाय सांगणार."

पहिलं चित्र विकल्यावर माणसाच्या छातीत ढोल वाजतात म्हणे. मी थांबून बघितलं. ढोल नव्हते. करंगळी ठणकत होती. मी फोन लावला.

मेव्हण्याच्या मागं पत्रे उतरवल्याचा खणखणाट चालला होता. मी म्हणालो, पाडव्याला येत नाही.

"का वो दाजी? खुर्ची पुसून ठिवलीय."

"एक चित्र विकलं."

पलीकडं पत्रे थांबले. मला वाटलं हसेल. तो माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहे. लग्नात मी त्याच्या पाटीवर ससा काढून दिला होता, तेव्हापासून माझ्याकडून त्यानं कितीतरी फुकट काढून घेतलं होतं. दुकानाची पाटी, पोरीच्या बारशाचं पान, ट्रकच्या मागची ओळ.

"खरं?" तो म्हणाला. "कुणी घेतलं?"

"गावातल्या माणसानं."

"पैसे दिऊन?"

"पैसे देऊन."

मग त्याचा आवाज बदलला. गिऱ्हाइकाशी बोलताना त्याचा जो आवाज असतो, तो आवाज मला त्यानं पहिल्यांदा लावला.

"मग दाजी, माझं काढाल का? दुकानात उभा असल्यालं. पोती, सळया, समदं येऊ द्या. हसतच काढा, न्हायतर आई घरात लावू द्यायची न्हाय." मग तो म्हणाला, "किती घ्याल?"

बायकोनं पायडलवरचा पाय उचलला होता. फोनवर टॉवेल टाकायची सोय नाही. आकडा तोंडानंच सांगावा लागणार होता, आणि तोही सख्ख्या मेव्हण्याला.

मी सांगितला. आवाज माझाच होता.

"दोन हजार?" तो म्हणाला. "पाचशे कमी करा की."

"नाही," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला. "कधी येताव?"

मी म्हणालो, सोमवारी येतो, सकाळच्या गाडीनं. रंग घेऊन.